डोळा सुजवणाऱ्या माणसाला साथ करावी का? (कीथ रिचर्ड्स, चक बेरी आणि अस्मादिक)

तिसरी_तार:
गेली बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतोय. गणपतीत एकदा बॅग भरली की जत्रांचा हंगाम संपेपर्यंत ती पुरती रिकामी होत नाही. परवा कराडची नाइट उरकून पहाटे टेम्पो ट्रॅव्हलरने परतत होतो. ढोलकीवाला माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता, झोप येणं शक्यच नव्हतं. म्हणून मोबाइलवर 'हेल! हेल! रॉक 'न' रोल' लावला. चौथ्यांदा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: चक बेरी, अमेरिकेतला रॉक अँड रोलचा गायक-गिटारवाला, साठ वर्षांचा झाला तेव्हा, ऑक्टोबर १९८६ मध्ये, त्याच्याच गावात, सेंट लुइसच्या फॉक्स थिएटरात मोठा जलसा झाला. टेलर हॅकफर्डने त्यावर हा चित्रपट केला, तो आला १९८७ साली. बँड जमवायचा, तालमी घ्यायच्या, ही सगळी उस्तवार रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याने अंगावर घेतली होती.

त्यात 'कॅरल' या गाण्याची तालीम आहे. सुरुवातीच्या तुकड्यात दोन तारा एकदम दाबून किंचित वर ढकलायच्या. किती ढकलायच्या आणि कधी सोडायच्या, एवढाच काय तो वाद. केसाएवढा फरक. कीथ वाजवतो, बेरी थांबवतो. असं नाही. पुन्हा. तसंही नाही. बरोबर करायचंय ना, मग बरोबर कर. कॅमेरा चालू आहे, सगळा बँड बघतोय. कीथ तेव्हा बेचाळीस वर्षांचा. हेच गाणं त्याने १९६४ मध्ये स्टोन्सच्या पहिल्या एलपीवर वाजवलेलं. स्टेडियमच्या स्टेडियम भरवणारा माणूस, आणि शाळकरी पोरासारखा उभा! जबडा तेवढा आवळलेला दिसतो. आणि पुन्हा वाजवतो.

याच बेरीने पाच वर्षांपूर्वी, १९८१ साली, न्यूयॉर्कमध्ये याच कीथच्या तोंडावर ठोसा हाणला होता. डोळा काळानिळा.

आता माझं. माझ्याही आयुष्यात एक चक बेरी आहे. नाव लिहीत नाही, अण्णा म्हणू. नववीत असताना गावच्या उरुसात त्यांना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून म्युझिकवाल्याच्या दुकानाबाहेर उभा राहिलो. कॅसेट मागेपुढे करून करून त्यांच्या जागा (सुरांचे खास तुकडे) उचलल्या. आज माझ्या हातात जे काही आहे त्यातलं निम्मं त्यांच्या खिशातलं आहे. २००९ मध्ये एकदा त्यांच्यामागे वाजवायला मिळालं. एका अंतऱ्याला माझी कॉर्ड चुकली. अण्णा थांबले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "बाळ, उद्यापासून गिटार घरी ठेव. टाळ घेऊन ये." अख्खं मैदान हसलं. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही, मीही गेलो नाही.

आणि मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन. अण्णांची पंच्याहत्तरी आहे, डिसेंबरात कार्यक्रम आहे, आणि "बँड त्या टाळवाल्यानेच बसवायचा" असं अण्णा धरून बसलेत.

हो म्हणू का?

पक्का_चहा:
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. "त्या टाळवाल्याने"ला जागीच फुटलो.

ठसका:
हे चक बेरी म्हणजे एका पायावर बदकासारखं चालत गिटार वाजवणारे तेच ना? आमच्या ह्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तसं चालायचा प्रयत्न केला होता. पँट उसवली.

रेवदंडा_लोकल:
@ठसका, तेच. आणि गंमत म्हणजे त्या चालीचा संबंधही कपड्यांशीच आहे! १९५६ साली न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात रेयॉनचे सूट चुरगळलेले होते, त्या चुण्या दिसू नयेत म्हणून आपण वाकून चालायला लागलो, असं त्याचंच सांगणं. ह्यांना सांगा, परंपरा बरोबर पाळलीत, क्रम तेवढा उलटा झाला.

कप्पा_नंबर_सात:
धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर १९८६ मध्ये शोधू नका, १९६१ मध्ये शोधा. ऑक्टोबर महिना, लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनचा फलाट. कीथ सतरा वर्षांचा. समोरून प्राथमिक शाळेतला ओळखीचा मुलगा येतो, काखेत दोन एलपी. एक ब्लूज गाणाऱ्या मडी वॉटर्सची आणि एक चक बेरीची. तो मुलगा म्हणजे मिक जॅगर, पुढे स्टोन्सचा गायक. या रेकॉर्ड अमेरिकेतून टपालाने मागवाव्या लागत, इंग्लंडच्या दुकानात सहसा मिळत नसत. गाडीतल्या तेवढ्या प्रवासात दोघांची गट्टी जमली ती आजतागायत. (म्हणजे मधली पंचवीसेक भांडणं सोडून.)

जून १९६३ मध्ये स्टोन्सची पहिली रेकॉर्ड निघाली, 'कम ऑन'. गाणं कुणाचं? बेरीचं. पुढच्या वर्षी अमेरिकेला गेले तर थेट शिकागोत, २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यूवर, चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जाऊन बसले. बेरीने जिथे ध्वनिमुद्रण केलं तिथेच आपण करायचं म्हणून. आपल्याकडे कुणी पंढरीला जातो तसे. आता ज्या माणसामुळे आपल्याला मित्र मिळाला, बँड मिळाला, धंदा मिळाला, त्याने एक ठोसा मारला तर काय, हिशोबात तो किरकोळच.

वऱ्हाडी_ठेचा:
काही किरकोळ नाही भाऊ. मला हे 'मोठा कलावंत आहे, सांभाळून घ्या' कधीच पटलं नाही. तुमचा तो बेरी चौदा वर्षांच्या मुलीला राज्याबाहेर नेल्याच्या खटल्यात वीस महिने आत होता, १९६२-६३ मध्ये. पुढे १९७९ मध्ये करबुडवेगिरीसाठी चार महिने. १९९० मध्ये त्याच्या हॉटेलातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात कॅमेरे लावले म्हणून बायकांनी कोर्टात खेचलं, ते पैसे देऊन मिटवलं. आणि आपण इथे त्याच्या बदकचालीवर हसतोय. अण्णांचं म्हणाल तर, ज्याने भर मैदानात लाज काढली त्याची पंच्याहत्तरी कायले सजवायची? नाही म्हणा आन् फोन ठेवून द्या.

कप्पा_नंबर_सात:
@वऱ्हाडी_ठेचा, यातलं काहीच खोटं नाही. भर एवढीच घालतो की त्या पहिल्या खटल्याचा आधीचा निकाल न्यायाधीशाच्या वर्णद्वेषी शेरेबाजीमुळे रद्द झाला होता आणि खटला पुन्हा चालवावा लागला. दुसऱ्यांदाही तो दोषीच ठरला. म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला आणि त्याने अन्याय केला, या दोन्ही गोष्टी खऱ्या.

पण कीथलाही हे सगळं ठाऊक होतं. तो बेरीला देवमाणूस म्हणतच नाही. त्याच चित्रपटात तो म्हणतो की मिक जॅगरने दिली नसेल एवढी डोकेदुखी या माणसाने मला दिली, आणि तरी त्याच्यावर राग धरता येत नाही. (जॅगर हे मोजमाप म्हणून वापरलंय, त्यावरून अंदाज घ्या.)

रात्रीचा_प्रवासी:
त्याच चित्रपटात अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा किस्सा आहे, तो कुणी कसा काढला नाही अजून?

१९७३ च्या आसपासची गोष्ट. स्प्रिंगस्टीनला तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं. बेरी सगळ्या देशात एकटाच फिरायचा. स्वतः गाडी चालवत यायचा, सोबत फक्त गिटारची पेटी. बँड आयोजकाने गावातलाच जमवायचा. चक बेरीची गाणी येत नाहीत असा बँड अमेरिकेत असेलच कसा, हा त्याचा हिशोब. तर त्या रात्री ही पोरं, म्हणजे स्प्रिंगस्टीन आणि त्याचा बँड, जीव मुठीत धरून वाट बघताहेत. कार्यक्रमाला पाच मिनिटं उरली आणि साहेब दार उघडून आत. आधी पैसे घेतले, मग बँडकडे आले. स्प्रिंगस्टीनने विचारलं, कोणती गाणी घ्यायची? बेरी म्हणाला, चक बेरीची घेऊ. संपलं! पट्टी नाही, क्रम नाही, काही नाही. स्टेजवर गेला आणि सुरूच केलं. मध्येच बँडकडे वळून ओरडतो, पैसे मिळताहेत ना पोरांनो, मग वाजवा! आणि पोरांना एक पैसा मिळत नव्हता.

हे सांगताना स्प्रिंगस्टीनचा चेहरा बघा. तोवर तो स्वतः जगभर गाजलेला, पण लहान मुलाने सर्कशीत वाघ पाहिल्यासारखं सांगतो.

पेटीवाले_आबा:
नमस्कार. मी सहसा लिहीत नाही, नातू टंकून देतो. वरचा किस्सा ऐकून राहवलं नाही. हे परदेशातलं वाटतंय तुम्हांला? आम्ही कीर्तनाच्या साथीला आयुष्य काढलं, आमच्याकडे हे रोजचंच.

रामनवमीच्या उत्सवात एक नामांकित बुवा आमच्या गावी आले. एसटीतून उतरले, खांद्याला एक पिशवी, पिशवीत झांज आणि धोतरजोडी. साथ गावची. तबल्याला पोस्टमन आणि पेटीला मी. मी विचारलं, बुवा, पट्टी कोणती? म्हणाले, रामराया देईल ती. पूर्वरंगात रामरायाने काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) दिली. उत्तररंगात युद्धाचं वर्णन आल्यावर रामरायाला जोर चढला आणि पांढरी तीन झाली. मी सूर शोधतोय आणि बुवा माझ्याकडे बघून श्रोत्यांना म्हणतात, "वानरसेनेत सगळेच नळ-नीळ नसतात, काही नुसते दगड उचलणारेही असतात." हशा.

पुढची चौदा वर्षं बुवा आमच्या भागात आले की पेटीला मीच होतो. का गेलो विचाराल तर सांगता येणार नाही. त्यांच्या आख्यानात सीता रामाला ओळखायची त्या जागी माझे हात आपोआप थांबायचे. ते दुसऱ्या कुणाच्या कीर्तनात झालं नाही.

पक्का_चहा:
आबा, साष्टांग दंडवत. स्वतंत्र लेख येऊ द्या.

तिसरी_तार:
आबा, काय लिहिलंत! आणि पट्टीवरून आठवलं. बेरीची बरीच गाणी गिटारवाल्याच्या सोयीच्या पट्टीत नाहीतच. आम्हांला पांढरी तीन, पांढरी सहा अशा पट्ट्या आवडतात, तिथे मोकळ्या तारांचा आधार मिळतो. बेरीचं 'जॉनी बी. गुड' मात्र काळी पाच! कुठे काळी दोन. नव्याने शिकणाऱ्याची बोटं वाकडी होतात. हे पेटीवाल्याच्या, म्हणजे पियानोवाल्याच्या सोयीचे सूर आहेत.

पेटीवाले_आबा:
मग तो पियानोवाला कोण? त्याचं नाव या धाग्यावर अजून कुणी घेतलेलं नाही. आमच्या जातीचं नशीबच असं.

कप्पा_नंबर_सात:
आबा, बरोबर पकडलंत. जॉनी जॉन्सन त्याचं नाव. आणि गंमत बघा, बँड मुळात त्याचा! १९५२ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री त्याच्या त्रिकुटातला सॅक्सोफोनवाला आजारी पडला म्हणून त्याने ऐनवेळी चक बेरी नावाच्या माणसाला बोलावलं. बदली गडी म्हणून आलेला माणूस पुढे मालक झाला. मे १९५५ मध्ये बेरीचं 'मेबलीन' हे गाणं मुद्रित झालं, त्यात पियानोवर जॉन्सनच होता.

कीथचं ठाम मत असं की बेरीच्या गिटारीतल्या अर्ध्या जागा जॉन्सनच्या डाव्या-उजव्या हातांतून आलेल्या आहेत आणि पट्ट्या हा त्याचा पुरावा. १९८६ मध्ये जॉन्सन काय करत होता माहितेय? सेंट लुइसमध्ये वयस्कर लोकांची बस चालवत होता. कीथने त्याला त्या जलशात पियानोवर बसवलं. तिथून त्याची दुसरी इनिंग सुरू झाली आणि २००१ मध्ये तोही रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

जमलेली_मैफल:
आणि त्यानेच बेरीवर दावा लावला की गाणी आम्ही दोघांनी रचली, हे पण सांगा. २००२ मध्ये कोर्टाने फार उशीर झाला म्हणून फेटाळला. मला स्वतःला कीथचं म्हणणं थोडं जास्त वाटतं. जॉन्सनकडून स्वर आले असतील, पण ते शब्द? शाळेच्या घंटेपासून गाडीच्या रेडिएटरपर्यंत सगळं गाण्यात आणणारा तो कवी एकटा बेरीच. आणि ज्या 'जॉनी बी. गुड'वर इथे चर्चा चाललीय त्या रेकॉर्डवर पियानो लफाएट लीकचा आहे, जॉन्सनचा नाही. नाव तेवढं जॉनीचं, आणि 'गुड' म्हणजे बेरी जन्मला ती गुड अव्हेन्यू.

रेवदंडा_लोकल:
त्याच गाण्याची सुरुवातीची प्रसिद्ध गिटार ऐका आणि मग लुई जॉर्डनच्या १९४६ च्या 'एंट दॅट जस्ट लाइक अ वूमन'ची सुरुवात ऐका. तिथे गिटारवर कार्ल होगन आहे. जवळजवळ सुरास सूर! बेरीने होगनचं ऋण मान्यही केलंय. म्हणजे होगनची जागा बेरीने उचलली आणि बेरीची कीथने. १९८६ च्या जानेवारीत हॉल ऑफ फेममध्ये बेरीला दाखल करून घेताना कीथने भर सभेत सांगून टाकलं की याच्याबद्दल बोलणं मला अवघड आहे, कारण याने वाजवलेली एकूण एक जागा मी ढापलेली आहे.

आपल्याकडे याला तालीम म्हणतात, तिकडे कोर्टात जातात.

ठसका:
कोर्टात तर आपल्याकडेही जातात, तारखा जरा लांब मिळतात.

रात्रीचा_प्रवासी:
बेरी पैसे आधी का घ्यायचा, यावर सगळे हसतात. पण 'मेबलीन' बाजारात आलं तेव्हा गीतकार म्हणून तीन नावं होती. एक बेरी, दुसरा अॅलन फ्रीड नावाचा रेडिओवर रेकॉर्डी वाजवणारा, तिसरा रस फ्रॅटो. या दोघांनी एक ओळ लिहिली नव्हती. गाणं वाजावं म्हणून कंपनीने वाटा दिला आणि ते बेरीला रेकॉर्ड निघाल्यावर कळलं. ती दोन नावं निघायला १९८६ उजाडलं. एकतीस वर्षं! त्यानंतर माणूस पाकीट मोजल्याशिवाय स्टेजवर पाय ठेवणार नाही, नाही तर काय.

तिसरी_तार:
@रात्रीचा_प्रवासी, शंभर टक्के. आमच्यातही जुनी माणसं सुपारी घेतल्याशिवाय तारीख देत नाहीत आणि उरलेले पैसे मध्यंतराच्या आत हातात पडले नाहीत तर पुढची एंट्री घेत नाहीत. आम्ही नवे असताना हसायचो. मग एका गावी कार्यक्रम संपल्यावर आयोजकच सापडेना. पहाटे तीन वाजता मंडपवाला आमच्याकडे पैसे मागत होता.

मुक्ता_मिझुरी:
सेंट लुइसहून सप्रेम नमस्कार. :-) धागा बघून उडालेच.

इथे डेलमार भागात 'ब्लूबेरी हिल' नावाचं हॉटेल आहे, त्याच्या तळघरात 'डक रूम'. नाव अर्थात त्या चालीवरून. १९९६ ते २०१४ चक बेरी तिथे दर महिन्याला वाजवायचा, एकूण २०९ कार्यक्रम झाले. आम्ही २०१० मध्ये गेलो. मी आपली नवऱ्याबरोबर, 'बघू तरी' म्हणून. खोली इतकी लहान की आमच्या गावच्या वाचनालयाचा हॉल मोठा म्हणावा. डोक्यावर बोटीच्या कप्तानासारखी पांढरी टोपी, अंगात चमचमता शर्ट, वय त्र्याऐंशी. मुलगा गिटारवर, मुलगी हार्मोनिकावर. मी पहिल्या रांगेपासून चार हातांवर होते आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटांकडे. इतकी लांब बोटं मी कुणाची पाहिली नाहीत. गिटारच्या मानेला विळखा घालून अंगठा पलीकडून डोकावत होता.

एप्रिल २०१७ मध्ये अंत्यदर्शन जवळच 'द पेजंट'मध्ये होतं, रांग लावून गेलो. शवपेटीच्या झाकणात आतून त्यांची लाल गिब्सन गिटार बसवलेली. आणि फुलांमध्ये एक भली मोठी गिटारच्या आकाराची सजावट, रोलिंग स्टोन्सकडून. बाकी कुणाची फुलं होती ते आता आठवत नाही.

माझं मत विचाराल तर, हो म्हणा. पंच्याहत्तरी आहे, शंभरी नाही.

पक्का_चहा:
'पंच्याहत्तरी आहे, शंभरी नाही' म्हणजे काय हो? दोनदा वाचलं, दोन वेगळे अर्थ लागले.

मुक्ता_मिझुरी:
दोन्ही घ्या.

गोव्याचो_पांडू:
अवांतर: १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात 'जॉनी बी. गुड' आहे हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच तबकडीवर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर आहेत, 'जात कहाँ हो', राग भैरवी. म्हणजे चक बेरी आणि केसरबाई गेली सत्तेचाळीसहून अधिक वर्षं एकाच गाडीने प्रवास करताहेत, तेही तारकांमधल्या अवकाशात. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला साथीला घेतलं नसतं हे नक्की.

व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. गाणं अकरा दिवस आधी पुढे गेलं.

जमलेली_मैफल:
त्या तबकडीवर रॉक नको, ते पोरकट आहे असं लोकसंगीताचे अभ्यासक अॅलन लोमॅक्स म्हणाले होते. तबकडीचं काम पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनचं उत्तर असं की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत.

वऱ्हाडी_ठेचा:
प्रतिसाद मस्त येऊन राहिले, पण सगळे मुद्दा सोडून आकाशात गेले. तो ठोसा कायले मारला, ते तरी सांगा.

रेवदंडा_लोकल:
कीथ स्वतः सांगतो ते असं: ड्रेसिंग रूममध्ये बेरीची गिटार उघड्या पेटीत पडलेली. याला मोह आवरला नाही, एक तार छेडली. तेवढ्यात मालक आत. माझ्या गिटारला कुणी हात लावायचा नाही, धाडकन!

कप्पा_नंबर_सात:
दुसरा पाठभेद असा की गर्दीत मागून खांद्यावर हात ठेवला आणि बेरीने वळून, न ओळखताच ठेवून दिली. पण कीथला गिटारवाला पाठ जास्त आवडतो असं दिसतं. बेरीचा सगळ्यात मोठा 'हिट' तोच, अशी कोटीही तो करतो. मार खाल्ल्याची गोष्ट इतक्या प्रेमाने सांगणारा माणूस विरळा.

वऱ्हाडी_ठेचा:
गिटारला न विचारता हात लावला? मग तं चूक कीथची हाय बाप्पा. आमच्या काकाच्या डफाला कुणी हात लावला तं काकू पण घरात घेत नसे.

ठसका:
अखेर ठेचा विरघळला!

वऱ्हाडी_ठेचा:
ठोशापुरता. स्वच्छतागृहातल्या कॅमेऱ्यांवर मी जागचा हललेलो नाही.

मरीन_लाइन्स_स्लो:
७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स. मी होतो! इतका मागे की कीथ माचिसच्या काडीएवढा दिसत होता. बाकी काही सांगण्यासारखं नाही, पण होतो हे सांगायची संधी बावीस वर्षांत आज आली.

पेटीवाले_आबा:
तिसरी_तार यांस. मूळ प्रश्नाकडे येतो. मला त्या कीथबद्दल काही ठाऊक नव्हतं, नातवाने तालमीचा तुकडा दाखवला. मी तीनदा पाहिला. तुम्ही सगळे अपमान अपमान म्हणता. मला वेगळं दिसलं. तो म्हातारा चूक काढत होता, आणि चूक खरी होती. पहिल्यांदा वाजवलं ते आणि शेवटी वाजवलं ते, कान देऊन ऐका. शेवटचं बरं आहे.

२००९ ला तुमची कॉर्ड चुकली होती असं तुम्हीच लिहिलंय. चारचौघांत बोलले ते वाईटच. पण सोळा वर्षांनी त्यांना ती आठवते, याचा अर्थ त्यांनी त्या दिवशी तुम्हांला ऐकलं होतं. साथीदाराला ऐकणारे गायक-वादक मी आयुष्यात चारच पाहिले.

जा. आणि टाळ घेऊनच जा.

पक्का_चहा:
+१. आणि सुपारी आधी घ्या, चक बेरीसारखी.

गोव्याचो_पांडू:
+१ टाळांना.

(साडेतीन आठवड्यांनंतर)

तिसरी_तार:
धागा वर काढतोय, माफी असावी.

हो म्हटलं. काल पहिली तालीम झाली. साडेनऊची वेळ होती, अण्णा सव्वाअकराला आले. आम्ही चार गाणी पांढरी चारमध्ये बसवून ठेवलेली. आल्या आल्या म्हणाले, "काळी पाच." कीबोर्डवाल्याने बटण दाबून पट्टी बदलली आणि हसला. मी हसलो नाही, महिनाभर काळी पाचचाच रियाज करून गेलो होतो. (धाग्याचे आभार.)

मग त्यांच्या त्या गाजलेल्या इंट्रोवर आले. मी ती पंचवीस वर्षं वाजवतोय, डोळे मिटून वाजवतो. दोन मात्रा झाल्या आणि थांबवलं. "हे काय करतोस?" म्हटलं, अण्णा, तुमचंच वाजवतोय. त्यांनी माझ्या हातातून गिटार घेतली आणि वाजवून दाखवलं. मी जिथे करंगळी ताणून, मनगट पिरगळून वरच्या तारेवर जात होतो, तिथे त्यांचा हात हललासुद्धा नाही. तिसऱ्या तारेवर, पाच घरं खाली, दोन बोटांत. सूर तेच. कॅसेटमध्ये बोटं दिसत नाहीत हो! पंचवीस वर्षं उगाच मनगट दुखवून घेतलं.

सात वेळा करायला लावलं. सगळ्यांसमोर. सातव्यांदा काही बोलले नाहीत, खुर्चीत बसून चहा मागवला.

निघताना दारात थांबून विचारलं, "टाळ आणलेस?" मी बॅगेतून काढून दाखवले. पितळी, आमच्या आजोबांचे. त्यांनी हातात घेऊन एकदा वाजवले, कानाशी धरून विरेपर्यंत ऐकले, आणि म्हणाले, "हे चांगले आहेत. ठेव. तिसऱ्या गाण्यात घेऊ." आता तिसरं गाणं कोणतं, ते काही केल्या सांगत नाहीत.

पेटीवाले_आबा:
रामराया देईल ते.

पक्का_चहा:
सगळं झालं, पण नाइट किती ठरली? सुपारी घेतली का?

तिसरी_तार:
विषय काढायचा धीर झालेला नाही. चहाचे पैसे मीच दिले.